चिरागचा कॉम्प्युटर

दहाव्याला कावळा शिवेना.

कोपरच्या खाडीकाठी आम्ही सकाळपासून उभे होतो. कावळे होते, पुष्कळ होते. बांधून ठेवलेल्या होड्यांच्या काठांवर, विजेच्या तारेवर, मागे बांधकाम चाललेल्या टॉवरच्या बांबूंवर. पण पानावरच्या पिंडाकडे एकही उतरत नव्हता. माझ्या भावाचं, परशुरामाचं, काहीतरी मागे राहिलं होतं असा त्याचा अर्थ. अशा वेळी घरच्यांनी एकेक करून बोलायचं असतं. गेलेल्याची इच्छा ओळखायची आणि ती पुरी करण्याचं वचन द्यायचं.

चुलतभाऊ म्हणाले, मालूला आम्ही बघू. कावळे हलले नाहीत. कोणी म्हणालं, होडी परक्याला देणार नाही. मी म्हणाले, घरातला माझा वाटा वहिनीच्या नावावर करीन. मला बोलताना संकोच वाटला, पण बोलले. काही झालं नाही. ऊन चढत होतं आणि भाताला मुंग्या लागल्या होत्या.

“आठवा,” अण्णा म्हणाले. आमच्या गावात हे सगळं तेच बघतात. “काय राहिलं त्याचं, आठवा.”

तेव्हा मालूवहिनी पुढे झाली. सकाळपासून ती बोललीच नव्हती. पदर सावरून ती पिंडाकडे बघत म्हणाली, “चिरागला कम्प्युटर घेते. याच वर्षी घेते.”

वाक्य संपायच्या आत कावळा उतरला.

लोकांनी श्वास सोडले. कोणी भांडी गोळा करायला लागलं, कोणी चपला शोधायला लागलं. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. चिराग हा परशुराम आणि मालूचा एकुलता मुलगा. तो बारावीत असताना डेंग्यूनं गेला, त्याला आठ वर्षं झाली होती.

कावळ्याचं मला नवल वाटलं नाही. वहिनी बोलली तेव्हा सगळे तिच्याकडे वळले होते. पिंडाकडे पाठ झाली, पक्ष्याला वाट मोकळी मिळाली. मला हे कारण पुरेसं वाटलं. मी ठाण्याला एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि तिथेच राहते. त्या संध्याकाळी मी ठाण्याला परत गेले. वाटलं, दुःखाच्या भरात निघालेला शब्द आहे, विरून जाईल.

तो विरला नाही. तेराव्यानंतर वहिनीनं भात सोडला, मासळी सोडली. ती स्वतः डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकते. पहाटे उठून माल आणायचा, दुपारपर्यंत पापलेट-बोंबील लोकांच्या पिशव्यांत भरायचे, आणि घरी येऊन चहाबरोबर दोन बिस्किटं. वचन पुरं होईपर्यंत असंच, म्हणाली. परशुरामाच्या होडीचं इंजिन विकून पस्तीस हजार आले होते. वचन त्याच्या नावानं दिलेलं, तेव्हा पैसा त्याचाच लागणार. माझा एक रुपयाही चालणार नव्हता. पस्तीस हजारांत जे बसेल ते.

“तू शिकलेली,” ती मला फोनवर म्हणाली. “तू चल गो दुकानात. मना ते लोक फसवतील.”

मी हो म्हणाले, ते तिनं जेवावं म्हणून. एक कॉम्प्युटर घरात आणून ठेवायचा, त्यावर हळदकुंकू वाहायचं, संपलं. एका दुपारचं काम आहे असा माझा अंदाज होता.

मितेशचं दुकान डोंबिवली पूर्वेला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. तो सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवून देतो. काउंटरवर मॉनिटरचे खोके, मागे एक उघडा पंखा गरगरतोय, आणि तो स्वतः स्क्रू तोंडात धरून बोलणारा.

“बोला मावशी, कोण वापरणार?”

“माझा मुलगा,” वहिनी म्हणाली.

“वय काय? म्हणजे शाळेचा अभ्यास की गेमिंग, त्यावर असतं.”

मी सतरा सांगणार होते. गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. वहिनी माझ्याआधी म्हणाली, “पंचवीस.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती अगदी साधेपणानं मितेशच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत होती.

“कामाला आहे का?”

“आहे ना. बिल्डिंगचे नकाशे काढतो.”

“अच्छा, ऑटोकॅडवाला. मग बजेट जरा वाढवा मावशी. ग्राफिक्स कार्ड लागेल, आणि यंदा रॅमचे भाव सोन्याच्या मागे धावतायत. पस्तीसमध्ये मॉनिटरसकट कार्ड बसणार नाही.”

“पस्तीसच हायत. त्याला विचारून सांगते,” ती म्हणाली आणि उठली.

जिना उतरताना मी विचारलं, “वहिनी, कोणाला विचारणार?”

“बाकी कोणाला विचारू?” ती म्हणाली. “तुझ्या कॉलेजवाल्यांना?”

बोलताना ती हसली. भावाच्या जाण्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होते, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, वहिनी बाजारातूनच, मासळीच्या टोपलीसकट आली. मितेशनं आम्हांला ओळखलं.

“काय म्हणाले चिरंजीव?”

“कार्ड नको बोलतो,” वहिनी म्हणाली. “ते मागाहून टाकता येतं. आधी रॅमची एकच मोठी पट्टी टाका, दोन छोट्या नको. दुसरी खाच मोकळी राहू दे, पुढल्या वर्षी भरू. आणि पावर सप्लाय हलका टाकू नका. कोपरला लाईट येते-जाते.”

मितेशनं तोंडातला स्क्रू काढला. “मावशी, तुम्ही बसा काउंटरला. मी जातो मासे विकायला.”

“तुला नाय जमायचं. तू भाव कमी करशील.”

दोघंही हसले. मी हसू शकले नाही. मागच्या वेळी मितेश खाचांबद्दल काही बोलला नव्हता. पावर सप्लायचा तर शब्दही निघाला नव्हता. मी त्या वेळी तिथेच बसले होते आणि माझ्या लक्षात राहतं. घरी आल्यावर मी हे सगळं पडताळून पाहिलं. सल्ला बरोबर होता. कमी पैशांत कॉम्प्युटर घेणाऱ्यानं नेमकं हेच करावं.

मी कारणं शोधली. बाजारातल्या शेजारणीचा मुलगा असेल. मोबाइलवर व्हिडिओ ऐकले असतील. दुसऱ्या दिवशी फोनवर मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“व्हिडिओ कुठला गो? दुपारी बोलतो तो. सकाळी माझा बाजार असतो ना, म्हाईत हाय त्याला. दुपारी मी दारात जरा आडवी होते, तेव्हा.”

“काय बोलतो?”

“हेच. कम्प्युटरचं. दुसरं काय नाय.” मग जरा थांबून, “आवाज बदललाय त्याचा. घोगरा झालाय. बाप्यासारखा.”

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला. ओटा स्वच्छच होता.

तरी मितेशकडे तिनं ऑर्डर दिली नाही. पैसे वाचतील, तर जरा चांगला मिळेल, म्हणून विठ्ठलवाडीला जुने कॉम्प्युटर विकतात तिथं चल म्हणाली. ते दुकान म्हणजे एक लांब गाळा. कंपन्यांनी काढून टाकलेले काळे डबे भिंतीला भिंत लावल्यासारखे रचलेले. प्रत्येकावर जुन्या ऑफिसचा नंबर चिकटवलेला. काही चालू होते. पंख्यांचा एकत्र आवाज पाऊस लांबून येतो तसा येत होता.

वहिनी रांगेतून चालत होती आणि प्रत्येक डब्यावर तळहात ठेवत होती. जसं मासे घेताना गिऱ्हाईक कल्ला उचलून बघतं, तशी. एका डब्यापाशी तिनं हात ठेवला आणि लगेच मागे घेतला.

“हा नको. कोणतरी बसलंय याच्यावर.”

“मावशी, एकदम टॉप कंडिशन,” दुकानदार म्हणाला. “साहेब लोकांचा माल आहे. सोमवारी सुट्टी, मंगळवारी मीटिंग. हातसुद्धा लावला नाही कोणी.”

“लावलाय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, “उष्टा हाय सगळा. त्याला उष्टं चालत नाय, तुला म्हाईत हाय ना? एका ताटात बापाबरोबर पण नाय बसायचा.”

खरं होतं. मला ते आठवत होतं. आणि गेलेल्यासमोर आपण उष्टं वाढत नाही, हेही खरंच होतं. तिच्या बोलण्यात वेडं असं काही सापडत नव्हतं. प्रत्येक वाक्य मागच्या वाक्यावर नीट बसत होतं. पहिलं वाक्य तेवढं हवेत होतं.

गाळ्यातून बाहेर पडलो तर तिला चक्कर आली. मी तिला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं. मनगट धरलं तेव्हा हिरव्या बांगड्यांशिवायचा तो हात माझ्या चिमटीत मावला. बाजारातही ती एकदा पडली होती, हे तिनं तेव्हा सांगितलं. डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या होत्या, आणि ती जेवत नव्हती, म्हणून गोळ्या तशाच होत्या.

“वहिनी, आता जो मिळेल तो घेऊन टाकू. अशानं तू मरशील.”

“घाई नको करू,” ती म्हणाली. “आपल्याला एकदाच घ्यायचाय.”

शेवटचा प्रयत्न म्हणून मी तिला ठाण्याला नेलं, मोठ्या शोरूममध्ये. गार हवा, चकचकीत फरशी, गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलगी. बजेट ऐकून तिनं आम्हांला एका कोपऱ्यात नेलं. तिथं सगळं एकाच पडद्यात बसवलेला एक कॉम्प्युटर होता. सूट मिळून पस्तीसच्या आत येत होता. तारा नाहीत, डबा नाही, टेबलावर ठेवला की झालं.

“जागा पण कमी लागते, आंटी,” मुलगी म्हणाली.

तो बंद होता. वहिनी त्याच्या काळ्या काचेसमोर उभी राहिली आणि बघत राहिली. काचेत तिचा चेहरा दिसत होता, मागे मी, आणि त्यामागे शोरूमचे दिवे. मुलगी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली. मी वाट पाहिली. वहिनी वाकली, पडद्याची मागची बाजू हातानं चाचपली, पुन्हा पुढे आली.

“याचा डबा कुठाय?”

“डबा नाही याला. सगळं यातच आहे, पडद्याच्या मागे.”

“एवढ्यात?” तिनं दोन बोटांमध्ये जाडी धरून दाखवली. “मग तो राहणार कुठं?”

हे ती अगदी सहज म्हणाली. भाड्याची खोली बघायला आलेल्या बाईनं मोरी कुठं आहे विचारावं, तसं.  तिला कॉम्प्युटर कशासाठी हवा होता ते मला तेव्हा कळलं. आणि हेही कळलं, की निवड चालू आहे तोपर्यंत तो तिच्याशी बोलतोय. कुठलाच कॉम्प्युटर तिला कधी पसंत पडणार नाही.

दुसऱ्या रविवारी मी अण्णांकडे गेले. ते ओटीवर बसून कोलंबीचे सुके सोडे निवडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“चूक माझी,” ते म्हणाले. “तिथंच थांबवायला पायजे होतं. मेलेल्याला मेलेल्याच्या नावानं वचन द्यायचं नसतं. घाई झाली, ऊन लागत होतं, कावळा आला, सुटलो असं वाटलं.”

“त्यानं काय होतं?”

“काय होत नाय. फिटत नाय, एवढंच. आपल्यात कसं, तेराव्याला छत्री दान दिली तर छत्री घेणारा ती हातात धरतो आणि ‘पावलं’ बोलतो. तो बोलला की सुटलं. ज्याच्यासाठी वस्तू, त्यानंच बोलायचं. इथं कोण बोलणार?”

“त्याच वयाच्या कुणाला तरी देऊ.”

“कुठली आई आपल्या पोराला चिरागच्या नावानं खुर्चीत बसवील? तू बसवशील?” त्यांनी एक सोडा उन्हाकडे धरून पाहिला आणि बाजूला टाकला. “आणि मालू देईल काय?”

मी उठले. अण्णा मागून म्हणाले, “तुझा विश्वास नाय ना यावर?”

“नाही.”

“मग तुला सोपं हाय,” ते म्हणाले.

त्यांना काय सुचवायचं होतं ते मला कळलं. स्टेशनपर्यंत चालताना मी त्यावर विचार केला. ‘पावलं’ हा एक शब्द आहे. तो कुणीही उच्चारला तरी हवेत तेवढाच कंप होतो. त्या शब्दावर वहिनी भात खाणार असेल, तर तो न बोलण्याला काही कारण नव्हतं.

वहिनीनं पैसे माझ्याकडेच ठेवले होते. मी एकटी मितेशकडे गेले.

“मावशी नाही आल्या?”

“नाही. तुम्ही बनवून टाका.”

त्यानं कागदावर लिहून घेतलं. साधा प्रोसेसर, ग्राफिक्स त्यातच असलेला. रॅमची एक पट्टी, दुसरी खाच मोकळी. एसएसडी. बावीस इंची मॉनिटर. कॅबिनेट कोणतं, त्यानं विचारलं. काचेचं आहे, आत रंगीत दिवे, मुलांना आवडतं.

“काचेचं नको,” मी म्हणाले. “पत्र्याचं. मोठं असू दे. आत मोकळी जागा राहील असं.”

“हवा खेळायला पाहिजे, बरोबर आहे,” मितेश म्हणाला. मीही तेच कारण स्वतःला दिलं.

जोडून झाल्यावर त्यानं तो चालू करून तासन्‌तास तसाच ठेवला. तपासणी, म्हणाला, काही बिघडायचं असेल तर दुकानातच बिघडू दे. मग नाव विचारलं. चालू केल्यावर पडद्यावर ज्याचं नाव येतं ते.

“मालू,” मी सांगितलं.

मितेशनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मुलाला देणार होता ना, असं त्याच्या तोंडावर आलं असावं. त्यानं विचारलं नाही. नाव टाकलं.

कोपरच्या घरी दुपारी रिक्षातून खोके उतरवले. वहिनी नुकतीच बाजारातून आली होती, हात धूत होती. मी टेबल भिंतीला लावलं, तारा जोडल्या, डबा टेबलाखाली ठेवला. खाडीचा वारा खारा असतो, म्हणून खिडकीपासून लांब. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, नाव आलं.

ती दारातच थांबली होती. पदराला हात पुसत होती. ते कधीच कोरडे झाले होते.

“न विचारता आणलास,” ती म्हणाली.

“विचारून आणला.”

“कोणाला?”

खोटं बोलायची मला सवय नाही. प्रयोगाचं उत्तर जुळलं नाही, तर ते आकडे खोडून दुसरे लिहू नका, असं मी मुलांना शिकवत आले आहे. तिच्याकडे न बघता, तारेची गाठ सोडवत मी म्हणाले, “त्याला. दुकानात बोलला माझ्याशी. हाच घे म्हणाला. पावलं म्हणाला.”



“तुला बोलला?”

“मला.”

“घोगरा आवाज?”

“घोगरा.”

ती आत आली. पडद्यावरचं आपलं नाव तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं. मग खाली बसली, फरशीवर, डब्याशेजारी, आणि बराच वेळ त्याच्या पत्र्यावर हात ठेवून राहिली. विठ्ठलवाडीला काढला होता तसा हात काढला नाही.

“मना का नाय बोलला गो?”

हा प्रश्न ती विचारील असं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी त्याचं उत्तर ठरवून आले नव्हते. उत्तर मात्र आलं.

“तुला सांगितलं तर तू त्याला जाऊ देणार नाहीस, म्हणून.”

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. उठली, आत गेली. डब्यातून तांदूळ काढल्याचा आवाज आला, मग धुतल्याचा. थोड्या वेळानं भाताचा वास घरभर पसरला. तिनं दोन ताटं घेतली, एक माझं, एक तिचं. तिसरं घेतलं नाही. बोंबलाचं कालवण शेजारणीकडून मागून आणलं. ती जेवत असताना मी तिच्या हाताकडे पाहत होते. घास लहान होता, पण ती थांबत नव्हती.

मला वाटलं, झालं.

त्या दुपारनंतर तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. तिनंच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, बातमी सांगतात तसं. रविवारी सकाळी तिचा फोन आला.

“जेवते का?” मी विचारलं.

“जेवते. गोळ्या पण घेते. काय म्हणतो?”

“कोण?”

“कोण काय, चिराग. तुला बोलतो ना आता.”

नाही म्हणायचं तर सगळंच पुसलं गेलं असतं. भात, गोळ्या, सगळं. मी म्हणाले, “वेळेवर जेव म्हणतो.”

“बरं,” ती म्हणाली. समाधानानं.

त्यानंतर दर रविवारी. मी आठवड्यात एक वाक्य तयार ठेवायला लागले. साधं, कुणाच्याही मुलाला शोभेल असं. डोक्यावर ओझं घेऊ नकोस. माउस शिकून घे. पासबुक भरून आण. मी ते आधी मनात दोनदा म्हणून बघत असे, कुठं खोटं वाजतं का म्हणून. कधी ती म्हणायची, “असं नाय बोलायचा तो. ‘आये, डोकं नको खाऊ’ असं बोलला असेल,” आणि मी म्हणायचे, हो, तसंच म्हणाला. असं करत करत मला त्याची बोलण्याची ढब येऊ लागली. मुलांच्या वह्या तपासताना एखाद्याचं अक्षर ओळखू येऊ लागतं, तितकंच.

वहिनी सुधारली. तिच्या अंगावर मांस आलं. शेजारच्या मुलीकडून ती टाइप करायला शिकली. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी त्यावर लिहून घेते, मासळीचे फोटो टाकते. कोलंबी आली की इमारतींमधल्या बायकांना सकाळी दहाच्या आत कळतं. बाजारात तिला आता कम्प्युटरवाली मालू म्हणतात. मी ज्यासाठी खोटं बोलले होते ते मला मिळालं, आणि त्याचा मला आनंद आहे.

गेल्या महिन्यात परीक्षेचे पेपर होते. आठवडा त्यात गेला. रविवारी फोन वाजला तेव्हा मी गठ्ठ्यात मान घालून बसले होते. लाल पेन हातात होतं, आणि या आठवड्याचं वाक्य मी तयार केलेलं नव्हतं, हे फोन कानाला लावल्यावर माझ्या लक्षात आलं.

“काय बोलला?” वहिनीनं विचारलं.

“स्क्रीनला नाक लावून बसू नको बोलतो,” मी म्हणाले. “आणि पाय वर घेऊन बसलीस खुर्चीत. खाली सोड, मुंग्या येतील.”

मी थांबले. पेन खाली ठेवलं. तिची खुर्ची मी पाहिलेली नव्हती. मी कॉम्प्युटर मांडला तेव्हा टेबलाशी स्टूल होतं. खुर्ची कधी घेतली, ते ती मला बोलली नव्हती.

बोलली असेल. ओघात बोलली असेल आणि मी विसरले असेन. साठीकडे आलेली, चष्मा न लावणारी बाई पडद्याच्या जवळ बसणारच. मांडी घालून काम करायची जन्माची सवय असलेली बाई खुर्चीतही पाय वर घेणारच. प्रत्येक पायरी नीट लागत होती. मी त्या पुन्हा मोजल्या.

 फोनमध्ये पलीकडून फरशीवर पाय टेकल्याचा आवाज आला, एक, आणि मग दुसरा. मग खुर्ची मागे ओढल्याचा, लांब, घासत गेलेला.

“सरकले, बोल त्याला,” वहिनी म्हणाली.

“ऐकलं त्यानं,” मी म्हणाले.